एकशे सदतीस कॅसेटी आणि तपकीर गल्लीतलं बिनपाटीचं दुकान

दुकानाचं नाव देत नाही. पाटीच नाही तर नाव कुठून आणू? शिवाय दुकान चालवणाऱ्या काकांनी बजावलंय, "लिहायचं ते लिहा ताई, पण नाव टाकू नका. होळीपर्यंतचं काम आधीच पडलंय." एवढं सांगते, की पुण्यात तपकीर गल्लीत वायरींच्या आणि एलईडी माळांच्या दुकानांमधून एक बोळ आत जातो. बोळात लाकडी जिना आहे, तो दोर धरून चढायचा. वर डाव्या हाताला खोली. तिथं काम एकच चालतं. जुन्या व्हिडिओ कॅसेटींवर जे काही शिल्लक असेल ते उतरवून हार्ड डिस्कवर भरून द्यायचं.

मी १३७ कॅसेटी दिल्या. आषाढात दिल्या, मार्गशीर्षात परत मिळाल्या. पाचपैकी चार तारे देते. पाचवा का कापला तेही सांगते, पण इतक्या कॅसेटी एका बाईच्या कपाटात आल्या कुठून, ते आधी सांगायला हवं.

मी माहितीपट करते. करायचे म्हणा, कारण शेवटचा केला २०१२ साली. गाव कराड. लहानपणी टॉकीजमध्ये पिक्चरच्या आधी 'फिल्म्स डिव्हिजन की भेंट' अशी सरकारी माहितीपटाची पाटी झळकायची आणि निम्मं थिएटर बिडी ओढायला बाहेर पळायचं. मी बसून राहायची. धरण असो, लसीकरण असो, सुधारित बियाणं असो, पडद्यावर माणसं दिसायची. शेतकरी तोंड हलवतोय, हातवारे करतोय, आणि वरून भलत्याच कुणाचा तरी भारदस्त आवाज. तो गडी नेमका काय म्हणत असेल, याची मला फार चुटपुट लागायची. आईला विचारलं तर म्हणाली, "काय म्हणणार, पाऊस पडू दे म्हणत असंल."

पुढं मामाच्या व्हिडिओ शूटिंगच्या धंद्यात हॅलोजन धरायला लागले. मामाच्या खांद्यावर पॅनासॉनिकचा एम-९०००, त्यात अख्खी व्हीएचएस कॅसेट, आणि मागं वायर सांभाळत मी. अक्षता पडताना लाइट नवरा-नवरीवर हवा, आणि माझा तो हळूहळू आचाऱ्याकडे सरकायचा. मामाच्या शिव्या त्या लग्नांच्या कॅसेटींवर आजही ऐकू येतात. १९९६ मध्ये उसना हायएट कॅमेरा घेऊन पहिली फिल्म केली, आमच्याच गल्लीतल्या कल्हईवाल्यावर. अकरा मिनिटांची. ती त्यानं स्वतः पाहिली आणि म्हणाला, "मी एवढा बोलतो व्हय?"

घर चाललं ते पाणलोट, बचत गट आणि धूरविरहित चुलींवर संस्थांसाठी फिल्मा करून. त्यातून उरलेल्या पैशांत आणि दिवसांत स्वतःचं काम. २००० च्या सुमाराला मिनीडीव्ही, म्हणजे छोट्या डिजिटल कॅसेटीवरचं चित्रण, हाताशी आलं आणि माझ्यासारखीला वाट मोकळी झाली. त्याआधी बीटाकॅम, म्हणजे टीव्हीवाल्यांचा मोठा कॅमेरा, म्हटलं की गाडी, कॅमेरामन, त्याचा असिस्टंट आणि दिवसाचं भाडं. आता झोळीत कॅमेरा, खिशात चार कॅसेटी, एसटीचं तिकीट, निघाले. सोनीचा पीडी-१७० मी निम्मा कर्जानं घेतला. एक कॅसेट तेव्हा दोनशेच्या आसपास पडायची, म्हणून रात्री हिशेबाला बसले की माणसाच्या तोंडातल्या दर मिनिटाची किंमत कळायची.

दाखवायचं कुठं, हा प्रश्न मात्र तसाच होता. २००४ च्या मिफसाठी, म्हणजे मुंबईत भरणाऱ्या माहितीपटांच्या सरकारी महोत्सवासाठी, भारतीय माहितीपटांना सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागेल अशी अट आली. त्याविरुद्ध माहितीपटवाले एकवटले आणि 'विकल्प' नावानं त्यांनी प्रभादेवीला भूपेश गुप्ता भवनात आपला समांतर महोत्सव भरवला. मी तिथं जमिनीवर बसून तीन दिवस फिल्मा पाहिल्या आणि वडापाव खाल्ले. माझी फिल्म नव्हती त्यात. पण आपल्यासारखी खुळी इतकी आहेत हे डोळ्यांनी पाहून मला जे बळ आलं, ते पुढं दहा वर्षं पुरलं.

असो. फिल्म होते बेचाळीस मिनिटांची आणि चित्रण असतं एकतीस कॅसेटींचं. उरलेलं गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या खालच्या खणात, डांबराच्या गोळ्या टाकून. (डांबराच्या गोळ्यांवरून काका मला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कॅसेटीजवळ असलं वासाचं रसायन ठेवायचं नसतं म्हणे.)

गेल्या वर्षी चैत्रात एक फोन आला. पलीकडे मुलगी, तिशीतली असेल. म्हणाली, तुम्ही आमच्या आजीचं शूटिंग केलं होतं लालबागला, २००३ मध्ये. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठंच नाही. तुमच्याकडं असेल का?

होता. तीन कॅसेटी होत्या, माझ्याच अक्षरात : 'आजी १', 'आजी २ – चहा', 'आजी ३ – वही'. मी कॅमेरा काढला, कॅसेट घातली. कॅमेऱ्यानं दोन सेकंद निळा पडदा दाखवला आणि पट्टी आत गुंडाळून गिळली. चिमट्यानं सोडवायला पाऊण तास गेला. घाम फुटला होता.

मग सगळे करतात तेच मीही केलं. इंटरनेटवर शोधलं आणि एका मोठ्या शहरातल्या चकचकीत कंपनीला दहा कॅसेटी कुरिअरनं पाठवल्या. आजीच्या पाठवल्या नाहीत, एवढी अक्कल नशिबानं शाबूत होती. कॅसेटमागं साडेपाचशे रुपये. आठ दिवसांत पेनड्राइव्ह दारात, वर 'तुमच्या आठवणी जपतो' असं स्टिकर. लावून पाहिलं. ऊसतोडीच्या टोळीतली हाडकुळी माणसं सगळी गुटगुटीत झालेली. चार बाय तीनची चौकट ओढूनताणून आजच्या टीव्हीएवढी रुंद केली होती. बैल डुकरासारखे दिसत होते. माणूस चालला की त्याच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. आणि तासाच्या कॅसेटची फाइल कुठं एकेचाळीस मिनिटांची, कुठं त्रेपन्न. विचारलं तर उत्तर आलं, "मॅम, हललेलं, अंधारातलं, ब्लँक असं आम्ही क्लीन करून देतो. फ्री आहे ते."

ते फुकट होतं हे खरंच.

तपकीर गल्लीचा पत्ता दिला तो लग्नांचे अल्बम करणाऱ्या एका जुन्या ओळखीच्या माणसानं. पहिल्यांदा गेले तेव्हा काकांनी कॅसेटींकडे पाहिलंच नाही. आधी विचारलं, "कुठल्या कॅमेऱ्यावर केल्यात? एसपी की एलपी? मधे डीव्हीकॅम वापरलंत का?" (कॅसेटीवर चित्रण करायच्या वेगवेगळ्या पद्धतींची ही नावं.) मला बरं वाटलं. डॉक्टरनं औषधाआधी जीभ बघावी तसं.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी पडून आहेत त्यांच्यासाठी काकांकडून शिकले ते थोडक्यात सांगते. मिनीडीव्हीवर चित्र आकड्यांतच साठवलेलं असतं. त्यामुळं ते नव्यानं 'रेकॉर्ड' करायचं नसतं, जसंच्या तसं उचलून घ्यायचं असतं. त्यासाठी फायरवायर नावाची वायर लागते, जी आजच्या संगणकांना येत नाही. काकांनी त्यासाठी दोन जुनेपुराणे संगणक जिवंत ठेवलेत, इंटरनेट न जोडता. एका तासाच्या कॅसेटला एक तासच लागतो, घाई करता येत नाही. फाइल होते साधारण १३ जीबीची. माझ्या १२१ मिनीडीव्हींचे झाले जवळजवळ १.६ टीबी. कुणी तुम्हाला तासाभराची कॅसेट दीड जीबीत बसवून देत असेल, तर त्यानं मधलं काय पिळून काढलं ते विचारा. एलपीवर, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं कोंबून केलेलं चित्रण दुसऱ्या यंत्रावर नीट वाचलं जाईलच असं नाही. हा कंजूषपणा मी पाच कॅसेटींत केलाय, त्यातल्या तीन हाती लागल्या नाहीत. हायएटच्या ११ होत्या. हायएट हा जुना अ‍ॅनालॉग प्रकार, त्यात चित्र आकड्यांत नसतं. त्यासाठी काका डिजिटल-एट जातीचा एक जुना हँडीकॅम वापरतात, जो हायएट वाचतो आणि फायरवायरमधून बाहेर देतो. पाच व्हीएचएस होत्या, मामाकडच्या. त्यांतल्या दोघींना पांढरी बुरशी आली होती.

बुरशीमुळंच काकांनी आषाढ-श्रावणात एकाही कॅसेटला हात लावला नाही. सगळ्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवल्या. "हवा कोरडी होऊ दे. ओल्या पट्टीवर हेड फिरवला की पट्टीही गेली आणि हेडही गेला." गणपती झाले, पितृपक्ष झाला, मी फोन करतेय, ते उचलत नाहीत. हे पाचव्या ताऱ्याचं पहिलं कारण. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीत. निरोपाचं उत्तर देतात ते तिसऱ्या दिवशी, तेही 'चालू आहे' एवढंच. गुरुवारी बंद, आणि इतर दिवशी उघडं असेलच असं काही नाही. छापील पावती मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात. गुडघे दुखणाऱ्यांनी त्या जिन्याचा नाद करू नये. आणि काका तुमच्या कामावर मत देतात, न मागता. "इथं फोकस गेलाय." "इथं तुम्ही त्या माणसाला दोनदा तोडलंत, त्याला पुढं काहीतरी सांगायचं होतं." सोळा वर्षं माहितीपट केलेल्या बाईला हे ऐकून कसं वाटतं ते विचारू नका. दुसऱ्या वेळी मी चिडलेही. मग घरी येऊन तो भाग पाहिला. तोडलंच होतं.

यातून एक गोष्ट निघते, जी मी आधी नीट विचारात घेतली नव्हती. तासाची कॅसेट तासभर चालते तेव्हा कुणीतरी ती बघत असतं. माझ्या कॅसेटींवर अशी माणसं आहेत ज्यांनी 'हे बाहेर जाऊ देऊ नका' म्हणून सांगितलंय, आणि मी शब्द दिलाय. चार कॅसेटी अशा होत्या. काकांना सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. त्या चार चालू असताना मॉनिटर भिंतीकडे वळवला, आवाजाची वायर काढून टेबलावर माझ्यासमोर ठेवली, आणि फक्त यंत्रावरचे आकडे पुढं सरकतायत ना एवढं पाहत बसले. चार तास. मधे दोनदा चहा आला. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना पाच तारे दिले असते, पण फोन.

माल हातात मिळतो तो असा : दोन हार्ड डिस्क (तुमच्याच न्यायच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि दोन वेगळ्या घरांत ठेवायच्या, हे ते दमात घेऊन सांगतात), प्रत्येक कॅसेटची एक फाइल, एकही कट नाही. सुरुवातीचा निळा पडदा, हातात कॅमेरा हेलपाटतोय, लेन्सला टोपण आहे, मी कुणाला तरी 'पाणी मिळेल का' विचारतेय, सगळं जसंच्या तसं. बरोबर दोनशे पानी वही. त्यात कॅसेट नंबर, माझं लेबल आणि त्यापुढं पेन्सिलीनं : 'मि. १७ – चौकोन येतात, पट्टी खराब', 'मि. ३४ – टाइमकोड तुटला, पुन्हा शून्यापासून', 'मि. ५१ – कुत्रं'. 'कुत्रं' का लिहिलं ते मला माहीत नाही. तिथं खरंच एक कुत्रं आहे, छान आहे.

आता आजी.

ही बाई पाटण तालुक्यातली, म्हणजे माझ्या शेजारची. लग्न होऊन लालबागला आली आणि खानावळ चालवायला लागली. गिरण्यांत कामाला येणारे गडी बहुतेक एकटे, कोकणातले नाहीतर घाटावरचे. गावकीच्या एका खोलीत पाळीप्रमाणं झोपायचे आणि जेवायला अशा बायांकडे. महिन्याचा ठरलेला खाडा-हजेरीचा हिशेब. या बाया सावकाराच्या व्याजात पिचत होत्या म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, हा इतिहास पुस्तकांत आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. हेही पुस्तकांत आहे. संपात गडी जेवले कुठं, हे मला हवं होतं. आजीकडे उधारीची वही होती. अकरा माणसं, कुणी चार महिने, कुणी सात. त्यातले किती परत आले विचारलं तर तिनं वही मिटली.

ते वही मिटणं मी फिल्ममध्ये घेतलं होतं. चार मिनिटांत आजी संपवली होती. लोक टाळ्या वाजवायचे त्या जागेला. तीन कॅसेटींतली दोन तास छप्पन्न मिनिटं बाकी होती, ती मी वीस वर्षांत पाहिली नव्हती.

ती आता पाहिली. वही मिटल्यावर आजी उठते आणि चौकटीबाहेर जाते. कॅमेरा रिकाम्या पाटावर. आतून तिचा आवाज येतो, "तुला महिन्याला किती देतात गं याचं?" मी म्हणते, कुणी देत नाही आजी, मीच करते. मग मोठी शांतता, स्टोव्हचा आवाज. मग, "म्हंजे तूबी उधारीवरच." आणि हसते. असं खळखळून हसते की मला फोटोतली ती बाई आणि हा आवाज जुळवायला वेळ लागला. पुढं ती बटाट्याची भाजी कशी वाढवायची ते सांगते, म्हणजे सहा माणसांची दहांना कशी पुरवायची. रस्सा पातळ करायचा नाही, गड्यांना लगेच कळतं, कूट वाढवायचा. मग माझ्या आईची चौकशी. मग ओरडते, "ते बंद कर आन् आधी जेव. त्याला काय, ते बघतच राहतंय."

चकचकीत कंपनीच्या हिशेबानं रिकामा पाट म्हणजे ब्लँक. कापला असता.

तिच्या नातीला मी तिन्ही फाइली जशाच्या तशा दिल्या. ती घरी आली होती, इथंच बसून पाहिलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं वही काढली आणि भाजीचं प्रमाण उतरवून घेतलं. दोनदा मागं घेऊन. म्हणाली, आई हेच सांगते पण कुटाचं विसरली होती.

आता कॅसेट नंबर ८८. हिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसले, पण सरळ येता येईना.

लेबल : 'ऊसतोड – टोळी – संध्याकाळ'. हिवाळा, २००५-०६. बीडकडची टोळी आमच्या कराडच्या बाजूच्या फडांवर आली होती. पालं पडलेली, गाडी सेंटरची टोळी, म्हणून बैलगाड्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फिटेपर्यंत तोडायचं. पहाटे तीनला उठायचं, बायकांनी मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायच्या, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे सुटले तर सुटले. यावर माझी फिल्म झाली, गाजलीही थोडी, आपल्यापुरती. त्या कंपनीकडं ज्या दहा गेल्या होत्या त्यांत ही होती. त्यांची फाइल एकेचाळीस मिनिटांची. काकांची बासष्ट. कॅसेटी परत दिल्या त्या दिवशी काका म्हणाले होते, "अठ्ठ्याऐंशी नंबर घरी गेल्यावर एकट्यानं ऐका." बघा नव्हे, ऐका.

चित्रात काही नाही. मुलाखत संपलीय, मी कॅमेरा मांडीवर ठेवलाय आणि बंद करायला विसरलेय. जमीन दिसते, पाचट, चुलीचा उजेड हलतोय, आणि एका बाईचे पाय. टाचांना भेगा, एका पायात जोडवं, दुसऱ्यात नाही. एकवीस मिनिटं एवढंच. आवाज मात्र स्वच्छ, कारण कॉलर माइक अजून तिच्या पदराला होता.

आधी ती पोरांचं सांगते. मग सहज, चूल फुंकता फुंकता म्हणते, "आता बरंय ताई. पिशवी काढली ना. दोन साल झालं. पाळीचा तरास नाही, खाडा नाही." मी म्हणते, "अच्छा." ती म्हणते, "आमच्या टोळीत चौघींची काढलीय. मुकादमच म्हणला, कर्ज देतो, काढून घ्या. डागदर बी म्हणला, नायतर कॅन्सर हुतो." तिचं वय मी मुलाखतीत विचारलं होतं. अंदाजे सव्वीस, असं ती म्हणाली होती.

मग माझा आवाज. चांगला, समजूतदार, प्रशिक्षित आवाज. "बरं, ते असू दे. यंदा उचल किती घेतली होती म्हणालात?"

ती सांगते आकडा. आणि पुढं आम्ही उचलीवरच बोलत राहतो.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांची बातमी देशभर झाली. विधिमंडळात विषय आला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वर्षी मी ते सगळं वर्तमानपत्रात वाचलं, हळहळले, चार मैत्रिणींना कात्रणं पाठवली. माझ्या कपाटात, साड्यांच्या खालच्या खणात, डांबराच्या गोळ्यांच्या वासात ती बाई हे तेरा वर्षं सांगत होती, आणि मला आठवलं नाही. आठवणार कुठून, तेव्हा ते माझ्या कानावर पडलं होतं, आत गेलं नव्हतं. माझा विषय उचल होता ना.

तोंड हलवणाऱ्या शेतकऱ्यावर भलताच आवाज चढवला म्हणून ज्या फिल्मा मला लहानपणी खुपायच्या, त्यांच्यापेक्षा हे बरं आहे का, ते मी अजून ठरवलेलं नाही.

लेबलाच्या मागच्या बाजूला गावाचं नाव आहे, टोळीच्या मुकादमाचा तेव्हाचा नंबर आहे. नंबर बंद आहे. गाव आहे.

हं, पैसे. मिनीडीव्ही तीनशेला एक, हायएट साडेचारशे, व्हीएचएस बुरशी काढून चारशे. न निघालेल्या तीन कॅसेटींचे घेत नाहीत. माझे झाले ४२,३५०, रोख. काकांनी आगाऊ दहा हजार घेतले होते. जाताना कॅसेटी आधी घरी कुठल्याही जुन्या कॅमेऱ्यात चालवून 'बघू' नका, मागं-पुढं करू नका, आहेत तशा न्या. लेबलं फाडू नका, वाचता येत नसली तरी. आणि बिल तपासून घ्या, काकांची बेरीज कच्ची आहे.

माझं तपासताना दिसलं, ८८ नंबर दोनदा लिहिलाय आणि एक ओळ खोडलीय. विचारलं हे काय.

"दोनदा चालवली. लावलेत एकदाचेच."

"का? पट्टी खराब होती?"

"पट्टी चांगली आहे," काका म्हणाले, आणि माझ्या सुट्ट्या पन्नासासाठी खण धुंडाळायला लागले.